आमची वाटचाल : साडेपाचच्या गाडीचं ऑफिस

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत आज आमच्या १६ जणी जिथे बसून दुकानदारांच्या हिशेबाचं आणि जीएसटीचं काम करतात, ती एका बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याची, जुनी कचेरी आहे. आवारात आता कापूस येत नाही. पण आतल्या खोलीत गुडघाभर उंचीचा तो ओटा अजून आहे, ज्यावर गादी घालून, लोडाला टेकून दिवाणजी वह्या लिहायचे. भिंती दीड हात जाड, छत उंच, वर कवेलू म्हणजे कौलं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर गेला तरी आत दोन कूलरवर निभून जातं. असं असलं तरी २०२१ मध्ये ही जागा आम्ही भिंतींसाठी घेतली नाही. एसटी स्टँड इथून पायी चार मिनिटांवर आहे, म्हणून घेतली.

मी बी.कॉम. झालेली, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकलेली, लग्न होऊन आर्वीला आले. २०१२ मध्ये घरच्याच बैठकीत एका टेबलावर हिशेबाचं काम सुरू केलं. कृषी केंद्रवाले, किराणावाले, एक-दोन अडते थैलीत बिलं भरून आणून द्यायचे आणि मी ती टॅलीत चढवायची. पाहुणे आले की मॉनिटरवर चादर टाकून टेबल भिंतीला सरकवायचं. भाडं लागत नव्हतं म्हणून मला ते फायद्याचं वाटे. सासूबाई दुपारी बैठकीतल्या दिवाणावर पाठ टेकायच्या. ती जागा मी घेतली, आणि त्या स्वयंपाकघरात चटईवर पडू लागल्या. त्यांनी कधी शब्द काढला नाही. पण त्या तीन वर्षांचं भाडं त्यांनी भरलं, असंच मी मानते.

२०१५ मध्ये बाजारात दहा बाय बाराचा गाळा घेतला. दोन मुली हाताखाली आल्या. शटर वर केलं की धूळ आणि भोंगे, खाली ओढलं की अंधार. ते एकवेळ चाललं असतं, पण संडास नव्हता. मुली सकाळी दहाला यायच्या आणि पाच वाजेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. एकीला लघवीचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं. मी तिला बाटली भरून दिली, तर म्हणाली, "पाणी प्यालं त जाऊ कुठं, ताई?" मी स्वतः बाई असून हा प्रश्न मला जागा बघताना सुचला नव्हता, याची बोच आजही आहे. त्या दिवसानंतर कुठलीही जागा बघायला गेले की मी आधी मागचं दार उघडून बघते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि आमचं काम एकदम वाढलं. नागपूरचीही गिऱ्हाइकं मिळाली. तिथे ऑफिस असलं म्हणजे वजन पडेल, असं चार जणांनी सांगितलं. मलाही ते पटलं आणि २०१८ मध्ये नागपुरात ६०० चौरस फुटांची जागा घेतली. तीस रुपये फुटाने महिन्याला १८,००० रुपये. ताबा मिळाल्यावर टेबलं मांडायला टेप लावला, तर पाय ठेवायची जागा निघाली ३९० फूट. बाकी सगळं 'सुपर बिल्टअप'. भिंतींची जाडी, जिना, लिफ्ट, खालचा व्हरांडा, यांतला आमच्या वाट्याचा भाग आकड्यात धरलेला. वापरायच्या जागेवर भाग घातला तर दर ४६ रुपये पडत होता. वर मेंटेनन्स वेगळा, भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढे आपण भरायच्या करातून वजा होतो, पण पैसा आधी खिशातूनच जातो. घरबांधणीच्या रेरा कायद्याने बिल्डरला विक्री करताना कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, सांगणं बंधनकारक केलं. भाड्याच्या बोलणीत मात्र आजही सुपर बिल्टअपचाच आकडा पुढे केला जातो. म्हणून जागा घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असतं, टेप सोबत न्या आणि आकडा लिहून घ्या.

दलाल तेव्हा ११ महिन्यांच्या करारावर, साध्या स्टॅम्पपेपरवर भागवा म्हणत होता. नोंदणीची गरज नाही, हे त्याने इतक्या खात्रीने सांगितलं की मी सही करायच्या बेतात होते. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काढून वाचला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत ११ महिन्यांची असली तरीही, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे मालकाला समजावून सांगितलं तेव्हा तोच नोंदणीला घाईने तयार झाला. त्यात १८ महिन्यांचं लॉक-इन होतं, म्हणजे तोवर जागा सोडता येणार नव्हती. ते मात्र मी नीट तोललं नाही.

त्या ऑफिसात आम्ही येणाऱ्यांचं रजिस्टर ठेवलं होतं. वर्षअखेर मोजलं तर गिऱ्हाइकांच्या भेटी झाल्या २३. भाडंच धरलं तरी एक भेट नऊ हजारांच्या वर गेली होती. लोकांना बिलं व्हॉट्सॲपवर पाठवायची होती, फोनवर बोलायचं होतं, रिटर्न वेळेवर जायला हवं होतं. लॉक-इन संपताच जागा सोडली. आता नागपुरात कुणाला भेटायचं असलं की को-वर्किंगमधली, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या ऑफिसातली, बैठकीची खोली दोन तासांसाठी घेतो. वीज, इंटरनेट, चहा, सफाई सगळं त्याच पैशात. किती माणसं लागतील याचा नेम नसलेल्या नव्या कंपनीला महिन्यावारी सीट घेणं परवडतं; फुटाचा दर महाग पडला तरी डिपॉझिट आणि फर्निचर अडकून पडत नाही. आमची माणसं ठरलेली आणि कामही ठरलेलं, त्यामुळे आम्हाला रोजच्यासाठी ते सोयीचं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. आम्ही कॉम्प्युटर गोदड्यांत गुंडाळून मालवाहू ऑटोने मुलींच्या घरी पोचवले. शहरातल्या कंपन्या तेव्हा ऑफिसची गरजच संपली असं बोलू लागल्या होत्या. टीसीएसने २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात लागणार नाहीत असं जाहीर केलं होतं. पुढे २०२३ मध्ये त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. मोठ्यांचं गणित त्यांना ठाऊक. आमच्या खेड्यातल्या घरांत काय झालं ते मी बघितलं आहे.

दोन खोल्यांचं घर. पोरगी कॉम्प्युटरसमोर बसली आहे, म्हणजे ती घरीच आहे. मग तिने कुकर लावावा, वहिनीचं लेकरू धरावं, मोटरला लाईट आली की वावरात निरोप द्यावा. लाईन रात्री असली तर काम रात्री. एकीने ११ तारखेचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, पहाटे चारला भरलं, कारण तेव्हाच नेटवर्क होतं आणि घर झोपलेलं होतं. त्या वर्षी त्यांनी एकही मुदत चुकवली नाही, पण सगळ्यांची मागणी एकच होती, ऑफिस सुरू करा. आठ तास जिथे तिला कुणी मध्येच हाक मारत नाही अशी जागा आमच्या मुलींना आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसातच मिळाली होती. घरून काम हे ज्याच्या घराला एक जास्तीची खोली आणि बंद होणारं दार आहे त्याच्यासाठी आहे, हे मी कुणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.

म्हणून नवी जागा शोधताना मी आधी मुलींची गावं कागदावर मांडली. पुलगावची नॅरोगेज गाडी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे एसटीशिवाय पर्याय नाही. बहुतेक गावांची अंधारापूर्वीची शेवटची सोयीची गाडी साडेपाचची. म्हणजे कामाची वेळ पाच-वीसला संपायला हवी आणि स्टँड पायी गाठता यायला हवं. या एका अटीत बाजारातल्या सहा जागा गळाल्या. जिनिंगची कचेरी उरली. मालक काकाजी म्हणाले, "कवेलू पाह्यून भाड्यानं कोणी घेत नाही, तुम्ही कामून घेता?" मी संडासाला नवं दार, आतून कडी आणि टाकीला वेगळा नळ मागितला. तेवढं त्यांनी पंधरा दिवसांत करून दिलं.

बसायला गेलो आणि २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप लागला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. आम्ही काळीपिवळी लावली. त्या महिन्यांत नफा राहिला नाही, पण एकही मुलगी घरी बसली नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि लांबच्या गावातल्या दोघी नव्याने आल्या.

नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी बहुतेकदा बाप सोबत येतो. मागच्या वर्षी एक जण दहा वाजता आले, ओट्यावर बसले आणि एक वाजेपर्यंत हलले नाहीत. दोनदा चहा घेतला. कोण येतं, कोण कुणाशी कसं बोलतं, ते बघत राहिले. गिऱ्हाइकांना आम्ही समोरच्या खोलीतच बसवतो, आतल्या टेबलांमधून कुणी फिरत नाही, हे त्यांनी पाहिलं. जाताना मागे जाऊन संडासाची कडी लावून, काढून बघितली. मग मला म्हणाले, "जातो, ताई." पोरगी दुसऱ्या दिवशी एकटी आली.

१६ जणींना आम्ही १२ टेबलं ठेवली आहेत. ११ आणि २० या रिटर्नच्या मुदतीच्या तारखांआधीचे चार-चार दिवस सोळाही जणी येतात, तेव्हा ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसावं लागतं. एरवी कुणी ना कुणी पाळीने सुटीवर असते. एकीचं आठ महिन्यांचं बाळ त्याच ओट्यावर दुपारी झोपतं. इंटरनेटच्या दोन लाइनी, एक फायबर आणि एक सिमची. इन्व्हर्टर चार तासांचा. दहावी मुलगी रुजू झाली तेव्हा कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमली आणि तिचा कागद दारामागे लावला. काकाजी जीएसटीत नोंदलेले नाहीत, त्यामुळे १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर आम्हीच आधी खिशातून भरतो आणि मग क्रेडिट घेतो. नोंदणी असलेले कितीतरी दुकानदार हे विसरतात. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत त्याच्या भाड्याची पावती मागतो.

सध्या कारंजा (घाडगे) येथे दुसरी जागा बघते आहे. तिकडच्या पाच मुली टॅली शिकून तयार आहेत आणि त्यांना आर्वीला रोज ये-जा जमणार नाही. मागच्या सोमवारी गेले होते. जागा दाखवणारे भाऊ वाट बघत होते, पण मी आधी स्टँडवर थांबून संध्याकाळच्या गाड्यांची वेळ वहीत उतरवून घेतली. मग जागा बघितली. मागचं दार होतं, पण कडी बाहेरून होती. ती आतून बसवून द्या, म्हणून सांगून आले आहे.