पिंपाखालची कडी

गणपतीला महिना उरला होता आणि आजींच्या मुलाने 2 बाय 2 च्या व्हिट्रिफाइड टाइल्स आधीच आणून ठेवल्या होत्या. गॅलरीत खोकी रचलेली. गिरगावातली 3 मजली चाळ, दुसरा मजला, 10 बाय 8 चं स्वयंपाकघर. सागवानी कड्या, त्यांच्यावर फळ्या आणि फळ्यांवर लिनोलियम. मुलगा म्हणाला, "मिस्त्री, लिनोलियम काढा, 2 इंच रेती-सिमेंटचा माल टाका आणि लाद्या बसवून द्या. 4 दिवसांत होईल ना?"

अशा घरात मी आधी पाण्याचा पेला मागतो. आजींनी स्टीलचा पेला काठोकाठ भरून दिला. तो खोलीच्या मधोमध ठेवला आणि मुलाला ओट्यापासून दारापर्यंत चालायला सांगितलं. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. पेला मोरीच्या बाजूला सरकवला, तेव्हा दुसऱ्याच पावलाला पाणी जमिनीवर आलं. लाकूड वजनाने वाकतं आणि वजन गेलं की सरळ होतं. लादीला ते जमत नाही. आधी ग्राउट, म्हणजे लाद्यांच्या सांध्यांत भरलेला मसाला, सुटतो, मग लादी ठोकल्यावर पोकळ वाजते आणि एक दिवस तडकते.

लिनोलियम उचललं तर मोरीजवळच्या फळ्या काळ्या पडलेल्या, कुबट वास. आजी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "इथे पिंप असायचं हो आमचं. 30-35 वर्षं. पहाटेचं पाणी भरून ठेवल्याशिवाय भागायचं नाही." 200 लिटरचं पिंप म्हणजे नुसत्या पाण्याचेच 200 किलो, आणि वर रोजची सांडलवंड. पुढे त्यावर लिनोलियम आलं आणि मुरलेल्या ओलीला सुकायला वाटच उरली नाही. स्क्रूड्रायव्हर टोचला तर फळीत मुठीपर्यंत गेला. फळी काढून कडीला हात लावला. भिंतीत गेलेलं टोक भुशासारखं बोटांत आलं.

कडी खालूनही पाहावी लागते. चाळीत वरच्याची जमीन तेच खालच्याचं छत. खाली गेलो. कड्यांवर पिवळा ऑइलपेंट, इतका चकचकीत की आत काय झालंय याचा पत्ता लागू नये. आणि नेमक्या त्याच कडीच्या हुकाला पाळणा टांगलेला. बाळ झोपलेलं.

माझ्या हातापायातलं बळ गेलं. "ताई, बाळाला उचला. आत्ता. पाळणाही सोडवा." तिने काही न विचारता बाळ छातीशी धरलं. तासाभरात मी दोन लोखंडी टेकू आणून कडीखाली फळीचा आधार देऊन आवळले.

वर मुलाशी बोलणं अवघड गेलं. त्याला वाटलं मी काम वाढवतोय. वहीत मांडून दाखवलं: 2 इंच रेती-सिमेंटचा माल चौरस फुटाला 9-10 किलो, 80 चौरस फुटांचे 750 च्या वर, त्यावर लाद्यांचे 160. सगळं मिळून 900 किलोंच्या वर ओझं, आणि ते कायमचं. तो बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला. शेवटी आजीच म्हणाल्या, "गणपती पाटावर बसतील, लादीवर नाही. आधी खालचं बघा."

घरमालकाला कळवलं आणि इंजिनिअरला आणलं. त्याच्या सांगण्यावरून कुजलेला भाग कापला, उरलेल्या कडीच्या दोन्ही बाजूंना नव्या सागवानी कड्या आरपार बोल्टांनी जोडल्या आणि भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर लावलं. मोरीची गळती तोडून दुरुस्त केली, नाहीतर नवं लाकूडही त्याच वाटेने गेलं असतं.

त्यानंतरचं काम माझ्या आवडीचं. करकरणाऱ्या फळ्यांचे जुने खिळे उपटून प्रत्येक फळी स्क्रूने कडीला बांधली. खिळा हळूहळू वर येतो, स्क्रू धरून ठेवतो. उंचवटे रंध्याने काढले. वर 12 मिलिमीटरचं पाण्यात टिकणारं प्लाय, दोन तुकड्यांत 3 मिलिमीटरची फट आणि भिंतीकडेने 6 मिलिमीटर मोकळे, कारण पावसाळ्यात लाकूड फुगणारच. त्यावर कंगव्याच्या थापीने अॅडेसिव्ह ओढून सिमेंट फायबरचा बोर्ड, वीत-वीतभर अंतरावर स्क्रू, सांध्यांवर जाळीची पट्टी. बोर्डचे सांधे प्लायच्या सांध्यांवर येऊ दिले नाहीत. मोरीच्या बाजूला वॉटरप्रूफिंगचे दोन हात. माल कुठेच नाही. 1 बाय 1 च्या सिरॅमिक लाद्या धरूनही सगळं वजन आधीच्या हिशोबाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात आलं. मोठ्या टाइल्स दुकानदाराने परत घेतल्या.

लाद्या लवचीक अॅडेसिव्हने बसवल्या, भिंतीकडेच्या फटीत ग्राउटऐवजी सिलिकॉन भरलं. दुसऱ्या दिवशी पेला पुन्हा मोरीजवळ ठेवला. या वेळी आजी स्वतः चालल्या, जरा पाय आपटतच.

टेकू काढायला खाली गेलो, तेव्हा बाळाची आई हूक हातात घेऊन उभी होती. नव्या कडीत भोक पाडून मी तो बसवला, दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं आणि मग तिने पाळण्याची दोरी ओवली.