चंद्राचं खळं आणि माझी वही

परवा रात्री गच्चीत गेले तर चंद्राला हे भलंमोठं खळं पडलेलं. आत दोन चांदण्या. आजी असती तर म्हणाली असती, "दोन चांदण्या ना गं? मग दोन दिवसांत पाऊस."

मी हात लांब केला, अंगठा चंद्रावर धरला आणि पंजा ताणला. करंगळी जवळजवळ खळ्याच्या कडेला टेकली. या खळ्याची त्रिज्या २२ अंश, कधीही बघा. खूप उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे षट्कोनी स्फटिक असतात, त्यांतून प्रकाश वाकतो आणि कडं दिसतं. असे ढग बऱ्याचदा पावसाच्या ढगांच्या पुढे चालत येतात. म्हणजे आजीचं खळं खरं. चांदण्यांचा हिशेब मात्र निव्वळ थाप! चंद्राच्या आसपास त्या रात्री कोणत्या ठळक चांदण्या आहेत, एवढंच त्यातून कळतं.

असे ठोकताळे मी एका वहीत लिहून ठेवते. पुढे बरोबर किंवा फुली.

सगळ्यात लाजिरवाणी फुली मुंग्यांची. तोंडात पांढरे दाणे धरून त्यांची रांग भिंतीवर चढताना दिसली आणि मी गच्चीतल्या गाद्या धावतपळत आत आणल्या. दिवसभर लख्ख ऊन. संध्याकाळी लक्षात आलं, सकाळी मीच कुंडीत बादलीभर पाणी ओतलं होतं. बिचाऱ्यांच्या घरात पूर आला होता, आणि तो मी आणला होता.

रातकिड्यांचंही तसंच. १८९७ मध्ये डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यांच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्र मांडलं. त्याचं सोपं रूप म्हणजे आठ सेकंदांतली किरकिर मोजायची, त्यात पाच मिळवायचे, की सेल्सिअस. पण किडा एकटा हवा, शिवाय नेमक्या जातीचा. माझ्याकडे सगळा ताफा एकदम सुरू. उत्तर ४१ आलं, तापमापक २६ दाखवत होता.

लाल संध्याकाळ म्हणजे उद्या उघडीप, हे फक्त हवा पश्चिमेकडून येते तिथे चालतं. मीठ ओलावतं, दार फुगतं, ते हवेतल्या दमटपणाने. त्यावरून आजचं कळतं, उद्याचं नाही.

परवाच्या खळ्याची मुदत आज रात्री संपतेय. आत्ता पावणेआठ. आभाळ गच्च आहे आणि गच्चीचं दार चौकटीत घासतंय. वहीत जागा कोरी ठेवलीय. गाद्या मात्र आतच आहेत.