सीएसएमटीच्या सबवेत पाटी कुठे हवी?

सीएसएमटीच्या सबवेत उतरलं की दिशाच कळेनाशी होते. तिथे नुसती ‘बाहेर’ लिहिलेली पाटी काय कामाची? कुठला जिना डी. एन. रोडवर निघतो, कुठला महापालिकेच्या बाजूला, हे वाट फुटायच्या आधीच दिसलं पाहिजे. जिन्यापाशी वाचायला थांबलं, की मागून लोंढा येतो आणि वळायला जागाच उरत नाही. पाटीचा खालचा काठ किमान २.२ मीटर उंच ठेवा. अंतर मिनिटांत द्या, साधारण ८० मीटरला एक मिनिट धरून.

नकाशात वाचणाऱ्याच्या समोरची दिशाच वर हवी. उत्तर वर ठेवून दक्षिणेकडच्या भिंतीवर लावलेला नकाशा माणसाला हमखास उलट्या बाजूला पाठवतो. आणि ‘हुतात्मा चौक’ या नावाखाली ‘फ्लोरा फाउंटन’ही लिहाच; लोक तेच विचारतात.