चुन्यातला पांढरा खडा

गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घराची पश्चिमेकडची भिंत गेल्या डिसेंबरात उकलायला घेतली, तेव्हा गवंडीकाकांनी दोन चिऱ्यांच्या सांध्यातला चुना खिळ्याने टोकरून माझ्या तळहातावर ठेवला. करड्या-तांबूस चुन्यात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरेशुभ्र खडे होते आणि नखाने दाबताच त्यांचे पीठ होत होते. "ह्यो चुना अजून जिता हाय," एवढेच ते म्हणाले. चुनकळी, म्हणजे भट्टीतून निघालेला कोरडा चुना, वाळूबरोबरच पाणी घालून विरवली की असे खडे मागे राहतात, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले. रोमन वास्तुकलेविषयी गेली कित्येक वर्षे मी आवडीने वाचत आलो आहे. पण त्या कलेचा खरा आधार काय होता, हे मला त्या चिमूटभर चुन्याने जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही छायाचित्राने दाखवले नव्हते.

रोम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगमरवरी खांब आणि कोलोसियमच्या कमानी येतात. खांबांची रचना रोमनांनी बहुतांशी ग्रीकांकडून घेतली. त्यांची स्वतःची मोठी देणगी मला बांधकामाच्या मसाल्यात दिसते. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे जाड भिंतीच्या पोटात किंवा पाण्याखाली तो नीट धरत नाही. इटलीतल्या नेपल्सच्या उपसागराकाठी पोत्सुओली नावाचे गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली, तर राखेतली सिलिका आणि अॅल्युमिना ही खनिजद्रव्ये चुन्याशी संयोग पावतात आणि तो मसाला पाण्याखालीसुद्धा दगडासारखा होतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला वास्तुविशारद विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात या राखेचे वर्णन केले आहे आणि समुद्रातल्या बांधकामासाठी दोन भाग राख व एक भाग चुना असे प्रमाणही दिले आहे. हेरोद राजाने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर कैसरिया हे बंदर बांधले, तेव्हा ही राख नेपल्सहून जहाजांत भरून भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला नेण्यात आली. एका मसाल्यासाठी एवढा खटाटोप केला जात असेल, तर त्याची किंमत त्या लोकांनी नेमकी ओळखली होती, असेच म्हणावे लागते.

या मसाल्यातून काय उभे राहू शकते, हे पाहायचे असेल तर रोममधले पॅन्थिऑन हे मंदिर पाहावे. हेड्रियन बादशहाच्या काळात, इ.स. 128च्या सुमारास ते पूर्ण झाले. दर्शनी भागावर मात्र त्याच जागी आधी मंदिर बांधणाऱ्या अॅग्रिपाचे नाव कोरलेले आहे. आतल्या दालनाचा व्यास सुमारे 43.3 मीटर आहे आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे एक पूर्ण गोल आत अलगद बसावा अशी ही मोजणी आहे. घुमटात लोखंडाची एकही सळी नाही. तरीही सळईविना बांधलेल्या काँक्रीटच्या घुमटांत तो आजही जगात सर्वांत मोठा आहे. त्याचे रहस्य वजनाच्या वाटपात आहे. पायात चुन्याबरोबर जड दगडाचे तुकडे घातले, वर चढत जाताना ते हलके करत नेले आणि माथ्याजवळ तर पाण्यावर तरंगणारा प्युमिस दगड वापरला. घुमटाची जाडीही बुडाशी सुमारे 6 मीटर आणि माथ्याशी जेमतेम सव्वा मीटर आहे. आतल्या बाजूला चौकोनी खोबण्यांच्या पाच रांगा आहेत, प्रत्येक रांगेत 28. पाहणाऱ्याला ती केवळ नक्षी वाटते, पण तिने घुमटाचा भारही थोडा उतरवला आहे. शोभा आणि ताकद अशी एकाच खोबणीत एकत्र आलेली मला दुसऱ्या फार थोड्या वास्तूंत दिसते.

माथ्यावरचे गोल भोक उघडेच आहे. त्यातून ऊन आत येते आणि दिवसभर भिंतींवरून सरकत राहते. पाऊस आला तर तोही आत येतो. जमिनीला मध्यभागी किंचित फुगवटा दिला आहे आणि फरशीत लहान भोके ठेवली आहेत, त्यांतून पाणी निघून जाते. आगोटीपूर्वी कौले चाळून घेण्यात ज्यांचा मे महिना जातो, अशा आपल्या माणसांना हे धाडस जरा अधिकच कळावे.

राख नसेल तिथे रोमन लोक भाजलेल्या मातीची भांडी आणि कौले कुटून तो भुगा चुन्यात घालत. नेपल्सजवळच्या मिसेनम इथल्या आरमारी तळाजवळ पिसिना मिराबिलिस नावाचे जमिनीखालचे प्रचंड टाके आहे. त्याचे छत 48 खांबांवर तोललेले आहे आणि आतून गिलावा याच लाल भुग्याच्या चुन्याचा आहे. त्या भुग्याला आपण सुरखी म्हणतो. आमच्या भिंतीच्या चुन्यातला तांबूस रंगही सुरखीचाच आहे. आमच्याकडे खाडीकाठच्या भट्टीत शिंपले भाजून चुना करत आणि तो चुन्याच्या घाण्यात मळत. रोमन चुनखडी भाजत. कच्चा माल निराळा असला तरी भट्टीतून निघणारी चुनकळी तीच.

आता पुन्हा त्या पांढऱ्या खड्यांकडे वळतो. रोमन काँक्रीटमध्येही असे खडे सर्वत्र सापडतात आणि बरीच वर्षे संशोधक त्यांना मिश्रणातला निष्काळजीपणा समजत होते. 2023 मध्ये संशोधक अॅडमिर मॅसिच यांच्या गटाने इटलीतल्या प्रिव्हेर्नम या प्राचीन शहराच्या भिंतीतले नमुने तपासले आणि असे दाखवले की, चुनकळी न विरवता थेट राखेत मिसळून वर पाणी घातल्यावर जी प्रचंड उष्णता निघाली, तिच्यात हे खडे तयार झाले. भिंतीला तडा गेला आणि त्यात पाणी शिरले, की खड्यातला चुना विरघळतो आणि त्याच तड्यात पुन्हा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचे स्फटिक, होऊन बसतो. त्यांनी प्रयोगासाठी पाडलेले अर्ध्या मिलीमीटरचे तडे दोन आठवड्यांत बुजले. ज्याला दोष मानले होते, ते औषध निघाले.

चित्रकलेतही चुनाच कामाला आला. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरातली भित्तिचित्रे ओल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. चुना वाळताना रंगाचे कण आपल्या स्फटिकांत धरून ठेवतो, म्हणून रंग पुसला जात नाही. उत्तम गिलाव्यासाठी विट्रुव्हियस वाळूचे तीन आणि त्यावर संगमरवराच्या चुऱ्याचे तीन थर सांगतो. ओला चुना चित्रकारासाठी थांबत नाही, त्यामुळे एका दिवसात रंगवता येईल एवढाच भाग गिलावला जाई. बारकाईने पाहिले तर दोन दिवसांच्या कामांमधला सांधा आजही दिसतो. त्या सांध्यापाशी मला चित्रकारापेक्षा त्याच्या आधी पहाटे येऊन थापी चालवणारा गवंडी अधिक जवळचा वाटतो.

आमच्या भिंतीचे दुखणे मात्र आम्हीच ओढवून घेतले होते. दहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. जांभा पाणी पितो आणि चुन्यातून ते परत हवेत सोडतो; सिमेंटने ती वाट बंद केली. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूला लोणा लागला आणि देवघराच्या कोनाड्याखालचा चिरा हाताने खरवडता येईल इतका भुसभुशीत झाला. आता सिमेंट उतरवले आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात दोन हात रुंदीचा तुकडा सुरखीच्या चुन्याने करून पाहिला असून त्यावर ओले गोणपाट टांगले होते, पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारत होतो. उरलेली भिंत पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर घ्यायची असे ठरले आहे. मी काकांना पॅन्थिऑनचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले की, एवढ्या उंचीवर साचा कशाचा लावला होता. लाकडाचा, असे मी सांगितले. तो उतरवताना सुताराच्या पोटात गोळा आला असेल, असे म्हणून ते पुन्हा सांधे भरू लागले.