खरी पिकअप मागच्या अ‍ॅक्सलवर ठरते

होंडाने २००५ मध्ये अमेरिकेत रिजलाइन आणली, तेव्हापासून ‘ही खरी पिकअप नव्हे’ हे पालुपद तिथे थांबलेलं नाही. २०२१ मध्ये फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांता क्रूझ आल्या आणि वाद आणखी पेटला. तिन्ही गाड्या मोनोकॉक, म्हणजे कारसारख्या एकसंध बॉडीच्या. खाली वेगळी लॅडर चासी, म्हणजे शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, नाही. जुन्या मताच्या लोकांना तेवढंच पुरतं: चासी नाही ना, मग ती हौदा लावलेली कार.

मला हे मान्य नाही. जिच्या मागच्या अ‍ॅक्सलवर रोज वजन टाकता येतं, आणि वजन टाकल्यावरही जी नीट वळते, नीट थांबते, ती पिकअप. लॅडर चासी हा तिथवर पोचायचा चांगला रस्ता आहे, पण एकुलता एक नाही.

फोर्डने १९२५ मध्ये स्वतःच्या कारखान्यातून हौद्यासकट पिकअप विकायला काढली, २८१ डॉलरला. ती मॉडेल टी होती, म्हणजे सरळसरळ कार. तिच्या मागे पोलादी हौदा बसवला, फाळका दिला आणि मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जास्त जड घातले. कारची पिकअप करताना पहिला हात कुठे घातला गेला ते बघा: मागच्या पाट्यांना.

मोनोकॉकवर वजन पेलत नाही म्हणणाऱ्यांनी १९८६ ते १९९२ या काळातली जीप कोमांची आठवावी. तिची केबिन चेरोकीसारखी मोनोकॉक, आणि हौद्याखाली त्याच बॉडीला जोडलेली जाड चौकट. तिला ‘मेट्रिक टन’ नावाचं पॅकेज मिळायचं: जड मागचा अ‍ॅक्सल, दणकट पाटे, जास्त क्षमतेचे टायर, आणि भार १,००० किलो. ब्राझीलची फियाट स्ट्राडा तर कारच्याच घराण्यातली, पण मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. २०२१ मध्ये ती ब्राझीलमधली सगळ्यात जास्त खपणारी गाडी होती.

आता उलट बाजूने बघू. पाटे म्हणजे खरी पिकअप, हेही टिकत नाही. रॅम १५०० ला २००९ च्या मॉडेलपासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत, टोयोटा टंड्राला २०२२ पासून. दोन्ही लॅडर चासीवरच्या, आणि त्यांच्या खरेपणावर सहसा कुणी शंका घेत नाही.

मग लॅडर चासीचा नेमका फायदा काय? पहिला फायदा पीळ सहन करण्याचा. भरलेली गाडी खड्ड्यात तिरकी उतरली, पुढचं डावं चाक वर आणि मागचं उजवं चाक वर, की चासी पिळवटते. केबिन रबरी माउंटवर बसलेली असते, हौदा वेगळा बोल्ट केलेला असतो, आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट ठेवलेली असते. पीळ त्या फटीत जिरतो. फोर्डने १९६१ मध्ये एफ-१०० ची केबिन आणि हौदा एकत्र जोडून ही फटच काढून टाकली. खाली चासी तीच जुनी, पीळ खाणारी. हौदा भरला की दारं अडकतात अशा तक्रारी येऊ लागल्या आणि १९६३ मध्ये फोर्डने ती बॉडी बंद केली. चासी असूनही गाडी फसली, कारण लवचिक चासीवर ताठ बॉडी घट्ट बांधली होती. मोनोकॉक याच्या उलट जाते, ती पिळूच देत नाही. म्हणून ताठपणा पुरेसा ठेवला तर तिला फटीची गरज नसते. दुसऱ्या पिढीच्या रिजलाइनला केबिन आणि हौद्यामध्ये फट दिसते, पण खाली बॉडी एकच आहे. वरून फट बघून काही ठरवू नका, खाली वाका.

दुसरा फायदा आपल्याकडे जास्त मोलाचा. चासी उघडी मिळाली की वर हवी ती बॉडी बांधता येते: उंच जाळीचा हौदा, पाण्याची टाकी, डंपर, बंद डबा. केबिन चेपली तर केबिन बदला, हौदा सडला तर हौदा उतरवा. मोनोकॉकमध्ये हौद्याची बाजू हाच गाडीचा सांगाडा असतो, ती कापून सपाट बॉडी बसवता येत नाही. ज्याचा धंदा बॉडी बदलण्यावर आहे त्याने लॅडर चासीच घ्यावी, यात वादच नाही.

पण चासीची सगळ्यात मोठी हानीसुद्धा बॉडी बांधतानाच होते. सी आकाराच्या चासीचा ताण वरच्या आणि खालच्या पट्टीत सगळ्यात जास्त असतो, उभ्या पोटात कमी. ब्रॅकेट बसवायला कुणी वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडलं किंवा तिथे वेल्डिंगचा टाका मारला, की तडा तिथूनच सुरू होतो, आणि बहुतेक वेळा केबिनच्या पाठीमागे, जिथे वाकवणारा जोर मोठा असतो. भोक पाडायचंच तर उभ्या पोटात, आणि जोड बोल्टचा. यू-बोल्टने हौदा आवळताना चासीच्या पोकळीत ठोकळा घाला, नाहीतर पट्ट्या आत दबतात.

आता आकडे. अमेरिकेत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायर आणि भाराची माहिती देणारं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा जास्त नको, असं त्यावर त्याच गाडीपुरतं लिहिलेलं असतं. जाहिरातीतला आकडा सगळ्यात अनुकूल मॉडेलचा असतो, स्टिकरवरचा तुमच्या गाडीचा. सनरूफ, जड सीटं, फोर-व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन, प्रत्येक गोष्ट त्यातून वजा होते. मॅव्हरिकचा भार १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. फोर्डच्याच ऐषारामी चार दारांच्या एफ-१५० वरही जवळपास तेवढाच आकडा सापडू शकतो. अशा एफ-१५० मध्ये ७५ किलोची चार माणसं बसली की ३०० गेले, उरले ३८०. मागे २,२६८ किलोचा, म्हणजे ५,००० पौंडांचा ट्रेलर लावला, तर त्याचं १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, येतं: २२७ ते ३४० किलो. हौद्यात टाकायला ४० ते १५० किलो उरले. ओढायची ताकद आणि पेलायची ताकद वेगळी असते, ती अशी.

आपल्याकडे आरसीवर भरलेलं वजन आणि रिकामं वजन दोन्ही असतात. पहिल्यातून दुसरं वजा करा. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात, ते आणखी वजा करा. बोलेरो पिकअप १.७ टनाची मिळते, २०२२ मध्ये आलेली टाटा योद्धा २.० दोन टनांची. २००५ चा पहिला छोटा हत्ती, ७०२ सीसीच्या दोन सिलिंडर डिझेलवर, ७५० किलो न्यायचा. म्हणजे मॅव्हरिकपेक्षा ७० किलो जास्त. महामार्गाचा वेग, सुरक्षितता आणि आराम यात त्यांची तुलना होत नाही, पण नुसत्या भारावरून खरेपणा ठरवायचा असेल तर हा हिशेब टाळता येत नाही.

वजन किती यापेक्षा ते कुठे, हे जास्त महत्त्वाचं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३ मीटर धरा. मागच्या अ‍ॅक्सलच्या १ मीटर मागे ३०० किलो ठेवले, टोमॅटोचे बारा-पंधरा क्रेट समजा, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नव्हे, ४०० किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून १०० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं होतं, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात, ओल्या वळणावर पुढची चाकं सरळ जातात. एकूण वजन कायद्यात बसत असूनही हे होतं. जड माल केबिनला चिकटवून भरा, हलका माल फाळक्याकडे.

आणि पाटे वाढवणं. ही चूक इतकी रूढ झाली आहे की तिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं. दोन पाटे वाढवले की गाडी बसत नाही, म्हणून ती जास्त वजन नेते असं वाटतं. अ‍ॅक्सलची नळी, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी मात्र तेवढीच राहतात. शिवाय अनेक पिकअपना एलएसपीव्ही, म्हणजे भार बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, असतो. चासीवर बसवलेला हा व्हॉल्व्ह एका दांडीने मागच्या अ‍ॅक्सलशी जोडलेला असतो. गाडी मागे जितकी बसेल तितकी दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही उंच राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कमी ठेवतो. सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर येतं. घाटात उतरताना पुढचे पॅड तापून ब्रेक लागेनासा होतो, तेव्हा दोष पॅडला दिला जातो. पाट्यांचं कुठलंही काम झालं की दांडीची सेटिंग कंपनीच्या मापाने तपासून घ्या. यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कने आवळा. ते सैल राहिले तर पाटे घसरू लागतात, सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल तिरका होतो. मागून बघणाऱ्याला गाडी तिरकी धावताना दिसते.

टायरचा हिशेब सोपा आहे. टायरवर छापलेला भाराचा क्रमांक, म्हणजे लोड इंडेक्स, १०० असेल तर पूर्ण हवेत एका टायरला ८०० किलो, दोन टायरना १,६००. मागच्या अ‍ॅक्सलवर त्याहून जास्त येत असेल तर पाटे कितीही घाला, उपयोग नाही.

हौद्याच्या मापावरही एक गोष्ट सांगायला हवी. चार फूट रुंद प्लायवुड रिजलाइनच्या हौद्यात चाकांच्या कमानींमध्ये सपाट बसतं. टोयोटा टॅकोमाच्या हौद्यात बसत नाही, ते कमानींवर टेकतं, आणि टॅकोमाला लॅडर चासी आहे. घराची कामं करणाऱ्या सुताराला यातली कोणती जास्त खरी वाटेल?

म्हणून मी मॅव्हरिक आणि रिजलाइन दोन्हींना पिकअप म्हणतो, हलक्या कामाच्या. सांता क्रूझ मला काठावरची वाटते, कारण तिचा हौदा जेमतेम चार फुटांचा आहे. उंची वाढवून, रुंद टायर घालून हौद्यावर कायमचं झाकण ठोकलेली मोठी लॅडर चासीवाली गाडी मात्र माझ्या लेखी पिकअपचं काम सोडून बसलेली आहे.

जुनी पिकअप घेत असाल तर वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी रिकामी तोला. मग पुढची चाकं काट्याबाहेर, पण त्याच पातळीवर ठेवून फक्त मागचा अ‍ॅक्सल तोला. रोजचा माल भरून हेच पुन्हा करा. मागच्या अ‍ॅक्सलचा भरलेला आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा, आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी झालं असेल तर माल पुढे सरकवा. एकूण वजन आरसीपेक्षा जास्त भरलं तर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. जास्तीचा माल तिथेच उतरवावा लागतो, तो वेगळा.