तुम्ही विचारलंत म्हणून: केमो संपली, आता सगळं पहिल्यासारखं ना?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी विचारतात. ऑफिसमध्ये, नातेवाइकांत, लिफ्टमध्ये, मुलीच्या शाळेच्या गेटपाशी. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरी माया असते, आणि मी "हो हो, आता छान" म्हणून मोकळी होते. मग घरी येऊन मनाला लागतं, की एवढ्या आपुलकीनं विचारलं त्यांनी आणि मी त्यांना खरं सांगितलंच नाही. म्हणून आज सांगते, सवडीनं.

आधी थोडक्यात काय झालं ते. ब्रेस्ट कॅन्सर, उजवी बाजू. ऑपरेशन झालं, ब्रेस्ट काढला, बगलेतल्या गाठी तपासल्या त्या साफ निघाल्या म्हणून रेडिएशन लागलं नाही, पण ब्रेस्टमधल्या गाठीची ग्रेड वाईट होती, म्हणजे तिच्या पेशी झपाट्यानं वाढणाऱ्या होत्या, त्यामुळे केमो घ्यावीच लागली. पहिल्या चार सायकल, म्हणजे औषधाच्या चार फेऱ्या, तीन तीन आठवड्यांनी, त्यातलं एक औषध लालभडक, आणि नंतर पॅक्लिटॅक्सेल नावाचं दुसरं औषध दर आठवड्याला, असे बारा आठवडे. मध्ये एकदा रक्तातल्या पेशींचे काउंट पडले म्हणून एक आठवडा पुढे ढकललं. ते सगळं संपून आता सात महिने झाले.

शेवटच्या दिवशी काय वाटलं म्हणाल तर, आनंद झाला, पण दुपारपर्यंतच. ड्रिप संपली, सिस्टरनी सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला, सगळ्यांनी अभिनंदन केलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांनी टॅमॉक्सिफेनची, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची हार्मोनवरची गोळी सुरू करा, आणि मग तीन महिन्यांनी भेटू. तीन महिन्यांनी! सहा महिने कोणी ना कोणी सारखं माझं रक्त बघत होतं, वजन बघत होतं, ताप आला का विचारत होतं, आणि आता एकदम तीन महिने कोणीच बघणार नाही. गाडीत बसल्यावर मला रडूच कोसळलं. नवऱ्याला वाटलं आनंदानं रडतेय. केमो चालू असताना निदान काहीतरी चाललंय, आपण लढतोय असं वाटायचं, आणि ती थांबल्यावर वाटलं आता माझ्या आणि आजाराच्या मधे कोणी उभंच नाही. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही कारण सगळे इतके खूश होते. नंतर कळलं की हे खूप जणींना होतं, आणि कोणीतरी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसरं म्हणजे शरीराला कुठे माहीत असतं की शेवटची सायकल झाली. माझ्या पापण्या संपूर्ण केमोभर बऱ्यापैकी टिकल्या होत्या, आणि केमो संपल्यावर महिनाभरानं त्या गळल्या. डोक्यावर बारीक लव यायला लागलेली, लोक म्हणतायत वा केस आले, आणि खाली डोळ्यांवर एक केस नाही. पापण्या गेल्या की वाऱ्यात डोळ्यांतून सारखं पाणी येतं, धूळ सरळ आत जाते, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. त्या परत आल्या. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्या हिशोबानं आता कानापर्यंत आलेत, कुरळे झालेत, आधी सरळ होते.

नखांचं मात्र सांगायलाच हवं. अंगठ्याच्या नखावर चार आडव्या रेघा उठल्या होत्या, पहिल्या चार सायकलच्या, एकीखाली एक, साधारण सारख्या अंतरावर. प्रत्येक सायकलला नखाची वाढ थोडी अडली त्याची ती खूण. नख वाढेल तशा त्या वर सरकत गेल्या. पहिली रेघ टोकाला आली तेव्हा मी बेसिनपाशी नेलकटर घेऊन उभी होते आणि ती कापताना मला आठवत होतं की ही त्या दिवसाची, जेव्हा घरी आल्यावर रात्रभर उलट्या झाल्या होत्या. चौथी रेघ कापून टाकायला केमो संपल्यावर जवळजवळ तीन महिने लागले. माझ्यासाठी पहिला भाग त्या दिवशी संपला.

आता हातापायांचं. बोटांची टोकं आणि पायांचे अंगठे बधीर आहेत, अजूनही. हे पॅक्लिटॅक्सेलमुळे होतं. मी याबद्दल वाचलं कारण मला समजून घ्यायचं होतं की आपल्याला हे का झालं. हे औषध मूळ पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं, १९६२ साली ती साल कॅन्सरवरच्या औषधांच्या शोधासाठी गोळा केली गेली, आणि त्यातला नेमका पदार्थ मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन शास्त्रज्ञांनी वेगळा काढून १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली. वाणी हे आडनाव वाचून मी दोन मिनिटं थांबलेच. पुढे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हे औषध पेशीच्या आतल्या बारीक नळ्या जागच्या जागी घट्ट करून टाकतं, मग पेशीला दोन होता येत नाही. कॅन्सरची पेशी अशीच अडकते. पण तसल्याच नळ्यांवरून आपल्या नसांमध्ये मालाची ने-आण चालते, आणि सगळ्यात लांब नसा कुठे जातात तर पायाच्या आणि हाताच्या टोकांना, म्हणून मुंग्या आणि बधीरपणा तिथून सुरू होतो. ज्यानं मला वाचवलं त्यानंच हे केलंय हे कळल्यावर माझा राग बराच कमी झाला.

पण राग कमी झाला म्हणून बटण लागत नाही ना. शर्टाचं बटण हातात घेतलं तरी ते नीट कळत नाही, बघत बघत लावावं लागतं, आणि डाव्या बाहीच्या कफाचं बटण तर एका हातानं लावायचं, ते आजही जमत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, सकाळी शाळेत जायच्या घाईत ती माझी बाही धरून बटण लावते, तोंडानं स्वतःच्या वहीचं काहीतरी बोलत असते, तिला त्यात काही विशेष वाटत नाही. मी तेवढा वेळ तिच्या भांगाकडे बघत उभी राहते. डॉक्टर म्हणतात नसा फार हळू सुधारतात, महिने लागतात, कधी थोडं कायमचंही राहतं. आधी हातात मनगटापर्यंत होतं, आता टोकांपर्यंत आलंय, म्हणजे सुधारतंय.

थकव्याबद्दल लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज आहे असं मला वाटतं. "झोप काढ, बरं वाटेल" म्हणतात. हा थकवा झोपेनं जात नाही हो. दहा तास झोपून उठलं तरी अंगात वाळू भरल्यासारखं. मला उपयोग झाला तो चालण्याचा, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे, व्यायामानं हा थकवा कमी होतो हे आता नीट तपासलं गेलंय. सुरुवातीला दहा मिनिटं, आता पाऊण तास. घरचे अजून मला उठू देत नाहीत, विशेषतः सासूबाई, त्यांच्या मायेपुढे मी काय बोलणार, पण मला चालू द्या, प्लीज.

ऑफिसचं म्हणाल तर अर्ध्या वेळेनं सुरू केलं, आता पूर्ण. शब्द आठवत नाहीत. एकदा मीटिंगमध्ये "वेळापत्रक" हा शब्दच येईना, मी म्हणत राहिले ते, ते तारखांचं. सगळं लिहून ठेवते. कमी होतंय.

गोळी रोज रात्री नऊला. पाच वर्षं, कदाचित दहा. तिच्यामुळे अंगातून मध्येच वाफ निघाल्यासारखं होतं, मग पंखा. तेव्हा "ट्रीटमेंट संपली ना" याला माझं उत्तर आहे, केमो संपली, ट्रीटमेंट चालू आहे.

आणि भीती. कंबर दुखली की पहिला विचार तोच. आधी मला वाटायचं दर तीन महिन्यांनी सगळ्या अंगाचा स्कॅन करून टाकावा म्हणजे निवांत. डॉक्टरांशी मी यावरून जवळजवळ भांडलेच. त्यांनी शांतपणे समजावलं की काही त्रास नसताना असे स्कॅन करत राहिल्यानं आयुष्य वाढत नाही, १९९४ मध्ये इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांत हे तपासलं होतं, एका गटाचे हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्सरे ठरावीक काळानं काढले आणि दुसऱ्या गटाची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी, म्हणजे ब्रेस्टचा एक्सरे, एवढंच, जगण्यात फरक पडला नाही. म्हणून ठराविक दिवसांनी डॉक्टरांची तपासणी, वर्षातून एकदा डाव्या बाजूची मॅमोग्राफी, आणि एखादं दुखणं दोन आठवडे गेलं नाही तर फोन करायचा. हा दोन आठवड्यांचा नियम मला फार उपयोगी पडलाय. दुखायला लागलं की मी कॅलेंडरवर पेन्सिलनं एक टिंब काढते. आतापर्यंत सहा टिंबं झाली, फोन एकदाच करावा लागला आणि तेव्हाही काही निघालं नाही.

परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, काय गं, आता सगळं पहिल्यासारखं ना. तोंडावर आलेलं "हो हो" मी गिळलं आणि म्हटलं, काकू, केस आलेत, पण पायाचे अंगठे अजून बधीर आहेत, आणि गुरुवारी तपासणी आहे त्यामुळे दोन रात्री झोप नाही. त्यांचा मजला आला होता. दार उघडलं, त्यांनी दारात हात धरला, लिफ्ट सारखी टुंग टुंग करत होती, आणि त्या तशाच उभ्या राहून म्हणाल्या, सांग, मला घाई नाही.