पोर्ट लुईमधला आजचा दिवस

आज माझ्या जोडीदारासोबत मॉरिशसचा आप्रवासी घाट पाहिला, म्हणजे बाहेरून आणलेले मजूर जिथे उतरत ती जागा. १८३४पासून लाखो मजूर भारतातून या बेटावर आले, त्यांत आपल्या कोकणातलेही होते. इथली मराठी मंडळी अजून गणपती बसवतात! अभिमान वाटलाच, पण भरून आलं ते वेगळ्या कारणाने. पुरुषांमधल्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं १८३८च्या कायद्यातलं कलम २५० इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढ पुरुषांपुरतं घटनाबाह्य ठरवलं. भारतातल्या अशाच कलम ३७७च्या निकालानंतर पाच वर्षांनी. लग्नाला मान्यता मात्र इथेही नाही. जुम्मा मशीद, चायनाटाउन भटकताना आम्ही हात धरले नाहीत. ती भीती कायद्याइतक्या लवकर जात नाही. हॉटेलात मात्र एकच पलंग मागितला, तर रिसेप्शनवरच्या ताईंनी सहज किल्ली दिली. कुणी जोडीने येणार असाल तर मला जरूर विचारा.